टणक पाठीची मंडळी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ऑफिसात काहीतरी घडतं, त्या दिवशी सगळे चिडतात, आठवड्याने एकजण हसतो आणि महिन्याभरात तीच गोष्ट आल्यागेल्याला चहाबरोबर दिली जाते. माझ्याकडे अशा गोष्टी जरा जास्तच साचल्या, कारण माझी सारी नोकरी किड्यांच्या ऑफिसात गेली. लग्नकार्यात पंगतीला शेजारच्याने विचारावं, "आपण कोणत्या खात्यात?" मी म्हणावं, "किडे." तो आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या पानाकडे. आणि मग पाट जवळ सरकवून म्हणायचा, "सांगा की एखादी गंमत!"

वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. म्हणजे हुकूम नागपूरहून यायचे आणि किडे आमचे आम्ही शोधायचे. अकोल्यात सरकारी शेताच्या कडेला दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. माणसं तीन. दामोदरपंत असिस्टंट, मी चित्रकार, म्हणजे किड्यांची मोठी चित्रं काढून देणारा, आणि गंगाराम शिपाई. गंगाराम बाळापूरकडचा माळी, वय पन्नाशीचं, आणि किडे पकडण्यात आम्हा दोघांच्या पुढे. पंत अमरावतीच्या भिक्षुकाचे चिरंजीव. तिकडे वडील पूजा सांगायचे आणि इकडे मुलगा भुंगेऱ्यांना टाचण्या टोचायचा!

पंतांची नोकरी टेम्पररी होती. नऊ वर्षं टेम्पररी! दरसाल नागपूरहून एक कागद यायचा, की आणखी एक वर्ष ठेवा. त्या वर्षी पाडव्याला पंत घरी गेले तेव्हा वडिलांनी त्यांना समोर बसवलं. "दामू, यंदा कायम झालास तर खुशाल राहा. नाही झालास तर दसऱ्यापासून माझी यजमानांची घरं तू धरायची. माझे गुडघे आता चालत नाहीत." पंत शब्दाचे पक्के. हो म्हणून आले. पंतांना भिंगाखेरीज जगात दुसरं काही दिसत नसे. त्यांच्या हातात पळी-पंचपात्र ही कल्पना मला आणि गंगारामला सहन होईना. नागपूरचे साहेब पावसाळा संपता संपता तपासणीला येणार होते, आणि कायम करायचं की नाही ते त्यांच्याच हातात होतं. तोपर्यंत सहा महिने होते. हे किस्से त्या सहा महिन्यांतले.

०००

भुंगेऱ्याला टाचणी टोचायची ती उजव्या ढालीतून. ढाल हा पंतांचा शब्द. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख उडण्याच्या कामाचे नसतात. ते टणक होऊन पाठीवर झाकणासारखे बसतात, आणि उडायचे खरे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. मधोमध टोचलं तर दोन्ही ढाली फाकतात, म्हणून टाचणी उजवीतून. जगभर हाच नियम. डावीतून टाचणी गेलेला भुंगेरा पंत सरळ फेकून द्यायचे, मग तो कितीही दुर्मिळ असो.

एकदा कॉलऱ्याची सुई टोचायला दवाखान्याचा कंपाउंडर ऑफिसात आला. गंगारामने सदरा काढला. कंपाउंडरने त्याचा डावा दंड धरला, तसा गंगाराम ताडकन मागे सरला.

"काहून जी? उजवा धरा!"

"अरे बाबा, डाव्याच हाताला देतात."

"देत असतीन दुसरीकडं! आमच्या ऑफिसात डावीकडून टोचलेलं पंत फेकून देते!"

०००

मे महिन्यात आंब्याच्या कोयीतून एक सोंडकिडा निघाला. पाठ अशी टणक की टाचणी वाकत होती. शनिवारी पंतांनी त्याला विषाच्या बाटलीत अर्धा तास ठेवला, बाहेर काढला, टोचला, खाली चिठ्ठी लावली आणि रजिस्टरात "मृत" अशी नोंद केली.

आता या किड्यांची श्वासाची भोकं अंगाच्या बाजूला असतात, आणि हवा वाईट आहे असं कळलं की ती मिटून घेता येतात. हे पंतांना माहीत होतं. किडा किती वेळ मिटून बसेल, एवढंच माहीत नव्हतं.

सोमवारी पेटी उघडली. सोंडकिडा टाचणी आणि चिठ्ठीसकट चार घरं ओलांडून मोर्शीच्या भुंगेऱ्यांत जाऊन उभा! आणि पाय हलवतोय.

गंगाराम बराच वेळ वाकून बघत होता. "आता त्याले पुन्हा मारा लागन का जी?"

पंतांनी रजिस्टर उघडलं, "मृत" हा शब्द खोडला आणि लाल शाईने लिहिलं, "शनिवारची नोंद घाईने झाली. दिलगीर आहोत."

मी म्हटलं, "पंत, दिलगीर कोणापाशी?"

पंतांनी पेन पेटीकडे रोखलं!

०००

नांदगाव खंडेश्वरला शेतकऱ्यांची सभा होती. पंत भाषणात फार रंगायचे. त्यांनी एक मोठा शेणकिडा हातावर घेतला आणि त्याच्या पाठीची स्तुती सुरू केली. ही ढाल आहे म्हणून हा शेणामातीत घुसतो, ढेकळं उकरतो आणि याच्या पंखाला चीरही जात नाही. "पाटील, तुम्ही याच्यावर पाय द्या. काही होणार नाही."

पाटलांनी पाय दिला. खाली भुसभुशीत काळी माती. पाटलांनी पाय उचलला, मातीतून शेणकिडा वर आला, अंग झटकलं आणि चालायला लागला. सभेने टाळ्या वाजवल्या. पंतांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, साहेबांनी आत्ता पाहायला हवं होतं.

पाटलांना मात्र चेव चढला. त्यांनी किडा उचलला, पाराच्या दगडावर ठेवला आणि पुन्हा पाय दिला. नवा जोडा, नालाचा. कर्रर्र असा आवाज आला.

मागून गंगारामने खुलासा केला.

"हा टेम्पररी होता जी!"

परतीच्या रस्त्यावर पंत दमणीत पुढे बसले होते, आम्ही मागे. बडनेऱ्याला पंत एकदम खदखदून हसले. मग आम्हीही हसलो, पण मला ते हसू फारसं आवडलं नाही.

०००

शेंदूरजनाघाटला सदाशिवभाऊ म्हणून संत्र्याचे मोठे बागायतदार होते. जातीचे माळी, पिढ्यान्‌पिढ्या झाडं लावणारे, आणि सरकारी माणसावर त्यांचा विश्वास बेताचाच. त्यांच्या बागेत फांद्यांवर खवले आले होते. त्यांना वाटलं, झाडाला देवी आल्या. पंतांनी भिंगातून दाखवलं, की प्रत्येक खवला म्हणजे एक किडा आहे. स्वतःच्या अंगातून पाझरलेल्या मेणाची झोपडी करून तिच्याखाली तो बसतो आणि रस पितो.

तंबाखूचा काढा करून पंतांनी हातपंपाने फवारला. काढा खवल्यांवरून घरंगळला आणि खाली आळ्यात पडला. पुन्हा फवारला. पुन्हा घरंगळला. सदाशिवभाऊ कमरेवर हात ठेवून बघत होते.

"पंत, तुमी मारून राह्यले का आंघोळ घालून राह्यले त्याईले?"

पंत म्हणाले, "पाठीवर मेण आहे, पाणी धरत नाही. साबण पाहिजे."

गावात त्या दिवशी कपडे धुवायचा साबण मिळेना. पंतांच्या ट्रंकेत अंगाला लावायच्या साबणाच्या दोन वड्या होत्या. गुलाबाच्या वासाच्या. वहिनींनी, म्हणजे पंतांच्या पत्नीने, अमरावतीहून निघताना खास दिल्या होत्या. पंतांनी क्षणभर वड्यांकडे बघितलं आणि दोन्ही किसून काढ्यात टाकल्या. या खेपेला काढा पाठीवर बसला. पिल्लं तर पटापट गळाली, कारण त्यांच्या अंगावर अजून मेण जमलंच नव्हतं.

महिन्याभराने सदाशिवभाऊंचं पत्र आलं. पंतांनी ते मोठ्याने वाचलं. आम्हाला आशा अशी, की हे पत्र फायलीत लागलं तर तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल. पत्र असं होतं:

"किडे गेले. बाग उत्तम. घरच्या बाया म्हणून राह्यल्या का तोच वासाचा साबन आनखी धाडा. झाडाले नको."

फायलीत लावलं. पण शेवटच्या दोन ओळींवर मी दुसरा कागद चिकटवला.

०००

हा माझा स्वतःचा. लपवण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये पंत चार दिवस अमरावतीला गेले होते. सकाळी मी रंगांची पेटी उघडली, तर तिच्यामागे एक झुरळ. पांढरं! पांढरं म्हणजे दुधासारखं, डोळे तेवढे काळे. असं झुरळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. गंगारामनेही नाही. मी म्हटलं, नवी जात! पंतांच्या नावाने नागपूरला गेली, तर साहेब तारेने कायम करतील.

घाईघाईने मी चित्र काढलं, होता नव्हता तो पांढरा रंग संपवला. गंगारामने झुरळ हवेची भोकं पाडलेल्या डबीत घातलं. मी पंतांच्या वतीने पत्र लिहिलं, "अज्ञात पांढरी जात, तपासणीसाठी सादर," आणि दुपारच्या गाडीने पार्सल रवाना केलं.

पंत परत आले. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. पंत खालीच बसले. किडा वाढायचा तर जुनं कवच त्याला फाडून टाकावं लागतं, आणि त्या जुन्या कवचातून बाहेर येतो तेव्हा तो पांढरा आणि मऊ असतो. दोन-चार तासांत रंग चढतो, कवच टणक होतं. पंतांनी हे मला अगदी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नागपूरचे साहेब मद्रासकडचे होते. बोलणं कमी, लिहिणं त्याहून कमी. आठवड्याने त्यांचं एक ओळीचं इंग्रजी उत्तर आलं. मराठीत सांगायचं तर असं:

"नेहमीचं तपकिरी झुरळ मिळालं. पांढरं मागाहून पाठवणार आहात काय?"

खाली शाईने आणखी एक वाक्य होतं, "असिस्टंटची निरीक्षणं घाईची वाटतात." मी पंतांना म्हटलं, मी कळवतो की चूक माझी. पंत म्हणाले, "सहीच्या जागी नाव माझं आहे." आणि विषय संपला. मला त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या टेबलाकडे बघवत नव्हतं.

०००

पंतांचे वडील एकदाच ऑफिसात आले. आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. आत मेलेले जीव आहेत म्हणून. आम्ही खुर्ची बाहेर नेली.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दामू, घरात पूजेचे तांदूळ साठलेत, त्याला सोंडे लागलेत."

पंत म्हणाले, "औषध देतो."

"मारायचे नाहीत! आपल्याकडून हत्या नको. नुसते जातील असं काही असेल तर सांग."

पंतांनी विचार केला. "अण्णा, तांदळाला भस्म चोळून ठेवा. अगदी बारीक, वस्त्रगाळ. खायच्या आधी धुऊन घ्या."

वडिलांचा चेहरा उजळला. नऊ वर्षांत मुलाने पहिल्यांदा शहाणपणाचं काही सांगितलं असं त्यांना वाटलं असावं. गंगारामने त्यांना टांग्यापर्यंत पोचवलं.

मी विचारलं, "पंत, भस्माला सोंडे भितात?"

"भीत नाहीत. राखेचे बारीक कण पाठीवरचं मेण खरवडतात. मेण गेलं की अंगातलं पाणी उडून जातं. तीन-चार दिवसांत वाळून मरतात."

महिन्याने वडिलांचं कार्ड आलं, "भस्माच्या प्रभावाने सर्व सोंडे शांत झाले. तुझ्यात आपल्या घराण्याचं काही उरलं आहे. दसऱ्याची वाट पाहतो."

पंतांनी कार्ड खिशात ठेवलं. पुढचा सगळा दिवस ते भिंगाला डोळा लावून बसले होते.

०००

गणपती गेले आणि साहेब आले. सकाळच्या गाडीने, एकटे, बगलेत फाइल. ऑफिसात आले ते थेट माझ्या टेबलापाशी थांबले आणि पांढऱ्या झुरळाचं चित्र मागितलं. बघितलं. "चित्र चांगलं आहे," म्हणाले. मला पाणी प्यावंसं वाटलं.

मग संग्रह. पंतांची नऊ वर्षं त्या कपाटात होती. साहेबांनी तीन नंबरचा खण ओढला. भुंगेऱ्यांचा, म्हणजे सगळ्यांत देखणा. काचेखाली रांगाच रांगा. हिरवे, निळे, काळे, तांब्याच्या रंगाचे. प्रत्येक टाचणी उजव्या ढालीतून, प्रत्येक चिठ्ठी सरळ. ढालींवर अशी चकाकी की जणू काल पकडलेत. साहेब खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. माझी नजर त्यांच्या मानेवर. त्यांनी ओळीने सगळे बघितले, दोन चिठ्ठ्या वाचल्या आणि मान हलवली.

"वऱ्हाडच्या उन्हापावसात इतका सुस्थितीत राहिलेला संग्रह मी पाहिलेला नाही." साहेब इंग्रजीत बोलत होते, मी मराठीत सांगतोय.

त्यांनी फाइल उघडली. आत कायम करण्याचा फॉर्म होता. मला उलटं वाचता येतं, चित्रकाराला येतंच. पंतांचं नाव, हुद्दा, शेरा आणि खाली सहीची जागा. साहेबांनी शेरा लिहिला, "संग्रह उत्कृष्ट. शिफारस." पेन सहीच्या जागेवर आलं. दारात गंगाराम हात जोडून उभा होता. कोणाला ते त्याचं त्याला माहीत.

"सर, एक मिनिट," पंत म्हणाले.

मी टेबलाखालून पंतांच्या पायावर पाय दिला. पंतांनी पाय बाजूला घेतला.

त्यांनी खणाची काच उचलली, बारीक सुई घेतली आणि एका हिरव्या भुंगेऱ्याची डावी ढाल अलगद वर केली. खाली काही नव्हतं. पंख नाहीत, अंग नाही. दुसऱ्याची उचलली. तोही पोकळ. तिसऱ्यातून चिमूटभर भुकटी पडली. रांगेच्या रांगा नुसती कवचं होती, टाचणीवर उभी!

"सर, संग्रह सुस्थितीत नाही. आतून खाल्लेला आहे. या खणात एक केसाळ अळी आहे. ही मेलेल्या किड्यांचं आतलं सगळं खाते, कवच सोडते."

साहेबांनी पेन उचलून धरलं. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये, सर."

"ऑफिसात डांबराच्या गोळ्या नाहीत?"

"आहेत, सर. बाकी सगळ्या खणांत आहेत." पंतांनी दुसरा खण ओढून दाखवला. गोळ्यांचा वास खोलीभर झाला. "या खणातल्या मी काढून घेतल्या."

"तुम्ही काढून घेतल्या?"

साहेबांचा आवाज चढला नव्हता, पण दारातला गंगाराम दिसेनासा झाला. मी भिंतीकडे बघत होतो. एप्रिलपासून पंत मला एका अळीची चित्रं काढायला लावत होते. मी पायापासून केसापर्यंत सगळं मोजून काढलं होतं. ती खाते काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"नऊ वर्षांचं काम," साहेब म्हणाले. "एका अळीला?"

पंतांनी टेबलाच्या खणातून वही काढली आणि फॉर्मशेजारी ठेवली.

"सर, गोळी टाकली असती तर ती मेली असती. एप्रिलपासून तिने सहा काती टाकल्या. तारीख, वेळ, लांबी, सगळं लिहिलंय. ती सातवी टाकते की नाही, हे मला मिळालेल्या कोणत्याच पुस्तकात नाही. परवापासून तिने खाणं सोडलंय आणि पाठीवर मधोमध एक रेघ दिसायला लागलीय, कात फाटायच्या आधी दिसते तशी."

बाहेर शेतावर मोट चालू होती, तिचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म बाजूला सरकवला. वही ओढली, पहिल्या पानापासून एकेक पान उलटलं आणि शेवटच्या नोंदीवर थांबले. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, माझं स्टूल ओढून घेतलं आणि तीन नंबरच्या खणापुढे बसले.

"भिंग द्या," ते म्हणाले. "आज सकाळी पाहिलंत? टाकली का?"